प्रत्यारोपणाची वेळ : मूल हसतंखेळतं असतानाच

ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधील चाईबासा येथून एक बातमी आली. थॅलेसेमियामुळे नियमित रक्त घ्यावे लागणाऱ्या पाच मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. जे रक्त या मुलांना जगवत होते, त्याच्याचविषयी संशय उभा राहिला आणि चौकशी बसली. पुढच्याच महिन्यात दिल्लीतून दुसरी बातमी आली. सिकलसेल विकारावर ‘बिरसा १०१’ ही जनुक-संपादनाची स्वदेशी उपचारपद्धती केंद्र सरकारच्या सीएसआयआरच्या जिनोमिक्स संस्थेने विकसित केली असून तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आल्याचे जाहीर झाले.

पहिल्या बातमीने आईवडिलांच्या पोटात गोळा आणला, दुसरीने आशा दाखवली. थॅलेसेमियाच्या रुग्णांना रक्त दिले जाते त्या कोणत्याही कक्षात या दोन्ही बातम्यांची चर्चा झाली असेल. मात्र या दोहोंच्या मधोमध एक उपचार गेली चाळीस वर्षे उभा आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. हा उपचार आजार मुळापासून घालवू शकतो आणि तो आपल्या देशात, आपल्या राज्यातही होतो. वैद्यकीय भाषेत त्याचे नाव रक्तनिर्मितीच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण. घरोघरी त्याला ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’ म्हणतात.

उपचार उपलब्ध आहे, तरी तो लाभणारी मुले थोडी आहेत. खर्च हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते आहे वेळेचे. हा उपचार सर्वांत चांगला लागू पडतो तो मूल आजारी दिसत नसताना. नेमक्या त्याच काळात, ‘आत्ता कशाला जोखीम घ्यायची?’ असे घरच्यांना वाटते आणि यंत्रणाही त्यांना काही सांगत नाही. आज या मुद्द्याकडे जरा बारकाईने पाहू.

रक्ताबरोबर येणारे लोह

आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते प्राणवायू वाहून नेते. थॅलेसेमिया मेजर या विकारात हिमोग्लोबिनची बीटा साखळी तयार करणारी दोन्ही जनुके सदोष असतात, एक आईकडून आलेले आणि एक वडिलांकडून. आईवडील स्वतः निरोगी असतात. त्यांच्याकडे एकच सदोष जनुक असते, म्हणून त्यांना वाहक किंवा थॅलेसेमिया मायनर म्हणतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक असते. भारतात दर वर्षी अशी दहा हजारांहून अधिक मुले जन्माला येतात, असा अंदाज आहे.

बाळ जन्मतः ठणठणीत असते, कारण गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि ते काही महिने पुरते. सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान बाळ फिकट पडते, दूध टाकते, वजन वाढत नाही. निदान झाले की दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवणे सुरू होते. ते आयुष्यभर चालते.

खरा शत्रू त्यानंतर येतो. रक्ताच्या एका पिशवीत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. समजा, एका मुलाला दर तीन आठवड्यांनी एक पिशवी लागते. म्हणजे वर्षाला सतरा पिशव्या आणि त्यांतून साडेतीन ते चार ग्रॅम लोह. निरोगी प्रौढ माणसाच्या साऱ्या शरीरात मिळून लोह असते तेवढेच, तीन-चार ग्रॅम. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय आपल्या शरीरात नाही. दिवसाला फारतर एक-दोन मिलिग्रॅम बाहेर पडते. उरलेले यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीत साठत जाते. यकृत कडक होते, वाढ खुंटते, वयात येणे लांबते, मधुमेह होतो. हृदयात साठलेले लोह तर जिवावर बेतते.

हे लोह काढणारी औषधे आहेत. पूर्वी डेस्फेरॉक्सामिन हे एकच औषध होते आणि ते त्वचेखाली सुई लावून, छोट्या पंपाने रात्रभर द्यावे लागे. पुढे गोळ्या आल्या. डेफेरिप्रोन या गोळीला युरोप-अमेरिकेच्या आधी, १९९० च्या दशकातच भारतात परवानगी मिळाली होती. डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदा घेता येते. रक्त वेळेवर आणि लोह नियंत्रणात असेल, तर थॅलेसेमियाचा रुग्ण आज शिक्षण, नोकरी, लग्न सारे करू शकतो, चाळिशी-पन्नाशी ओलांडू शकतो. हे आधीच स्पष्ट केले पाहिजे, कारण ‘प्रत्यारोपण नाही तर काहीच नाही’ हे खरे नाही. मात्र ही शिस्त दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे पाळावी लागते. औषधांचा साठा संपला, रक्तपेढीत रक्त नाही, बापाचा रोज बुडाला की ती मोडते.

प्रत्यारोपणात नेमके काय होते

आपले सारे रक्त हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत तयार होते. तिथे थोड्या मूळपेशी असतात आणि तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट हे सारे त्यांच्यापासून बनते. रुग्णाच्या मूळपेशींत जनुकाचा दोष आहे, म्हणून त्यांपासून बनणारी प्रत्येक तांबडी पेशी सदोष. मूळपेशीच बदलल्या तर रक्त बदलते. कल्पना इतकी साधी आहे.

प्रत्यक्षातला मार्ग खडतर आहे. आधी सात ते दहा दिवस तीव्र औषधे देऊन रुग्णाची जुनी अस्थिमज्जा रिकामी केली जाते. मग दात्याच्या मूळपेशी रक्त चढवतात तशाच शिरेतून दिल्या जातात. इथे शस्त्रक्रिया नसते, टाके नसतात. पेशी आपापल्या वाटेने हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात आणि दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त बनू लागते. त्या मधल्या काळात शरीरात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. साधा जंतुसंसर्गही घातक ठरू शकतो, म्हणून रुग्णाला गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवतात.

दुसरा धोका याहून वेगळा. अवयव बसवला की शरीर तो नाकारू शकते, हे आपण ऐकलेले असते. इथे उलटेही घडते. दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या शरीराला परके मानून त्वचा, आतडी आणि यकृतावर हल्ला करतात. डॉक्टर त्याला जीव्हीएचडी म्हणतात. हे टाळण्यासाठी दाता आणि रुग्ण यांच्या पेशींवरच्या खुणा, म्हणजे एचएलए, जुळाव्या लागतात. रक्तगट जुळणे मात्र आवश्यक नाही. पुष्कळ कुटुंबांचा इथेच गोंधळ होतो. आधीच्या तीव्र औषधांमुळे पुढे मूल न होण्याचा धोका असतो आणि त्याची चर्चा सुरुवातीलाच व्हायला हवी.

हे तंत्र ज्यांनी घडवले त्या अमेरिकेतील डॉ. ई. डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. १९८६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने थॅलेसेमियासाठी हे काम सुरू केले आणि आज त्यांचा अनुभव जगातील मोठ्या केंद्रांच्या तोडीचा आहे.

पेसारोचा धडा

थॅलेसेमियावर पहिली प्रत्यारोपणे १९८१ च्या अखेरीस झाली. एक सिएटलला आणि एक इटलीतल्या पेसारो या गावी. इटलीच्या किनारी भागांत आणि बेटांवर थॅलेसेमिया खूप, त्यामुळे पेसारोचे डॉ. ग्विदो लुकारेल्ली यांच्याकडे रुग्णांची रीघ लागली. शेकडो मुलांवर उपचार केल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला: कोणती मुले बरी होतात आणि कोणती दगावतात?

उत्तर तीन गोष्टींत मिळाले. यकृत वाढलेले आहे का, यकृतात व्रण धरून ते कडक होऊ लागले आहे का आणि लोह काढण्याचे उपचार नियमित झाले होते का. तिन्ही ठीक असलेली मुले पहिल्या वर्गात, तिन्ही बिघडलेली तिसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गातल्या मुलांचे निकाल उत्तम होते, तिसऱ्या वर्गातल्यांचे पुष्कळच वाईट. ही वर्गवारी आजही जगभर वापरली जाते.

या तीन गोष्टी पुन्हा वाचून पाहा. यातली एकही जनुकात लिहिलेली नाही. तिन्ही त्या मुलाला आधीच्या वर्षांत मिळालेल्या देखभालीतून ठरतात. म्हणजे प्रत्यारोपणाचा निकाल प्रत्यारोपणाच्या खोलीत जेवढा ठरतो, तेवढाच तो आधीची पाच-सात वर्षे तालुक्याच्या रुग्णालयात, रक्तपेढीत आणि औषधाच्या खिडकीवर ठरत असतो.

युरोपातील प्रत्यारोपण केंद्रांनी २००० ते २०१० या काळातील १,४९३ थॅलेसेमिया रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. दोन वर्षांनंतर ८८ टक्के रुग्ण हयात होते आणि ८१ टक्के आजारमुक्त. भावाबहिणीच्या जुळणाऱ्या पेशी मिळालेल्यांत हेच आकडे ९१ आणि ८३ टक्के होते. वयाची चौदाच्या आसपासची एक रेषाही त्यात दिसली. तिच्या आत निकाल चांगले, पुढे ते उतरत जातात. लहान, नीट देखभाल झालेल्या आणि जुळणारे भावंड असलेल्या मुलांत आज चांगली केंद्रे याहूनही सरस निकाल देतात.

आता या आकड्यांकडे एका आईच्या नजरेने पाहा. तिची पाच वर्षांची मुलगी शाळेत जाते, नाचते, भांडते. महिन्यातला एक दिवस सोडला तर ती आजारी आहे हे कोणाला कळणारही नाही. डॉक्टर सांगतात, ‘आत्ता केले तर शंभरातल्या पंच्याऐंशी-नव्वद मुली पूर्ण बऱ्या होतील, पण काही या उपचारातच दगावतील.’ अशा वेळी आई म्हणते, ‘चाललंय ना नीट, मग राहू दे.’ तिचे चूक आहे असे कोणी म्हणू नये. पण पंधराव्या वर्षी, यकृत बिघडल्यावर, तीच आई ‘आता काहीही करा’ म्हणत येते आणि तेव्हा तेच डॉक्टर कचरतात. मूल सर्वांत निरोगी दिसते तीच प्रत्यारोपणाची सर्वांत योग्य वेळ, हे या उपचाराचे कठीण गणित आहे. निर्णय कुटुंबाचाच असावा. पण तो घेण्याची संधी वेळेत मिळाली का, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

दाता घरात आहे का?

भावाबहिणीचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. ते भावंड स्वतः थॅलेसेमिया मेजर नसण्याची शक्यता चारात तीन. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने एकमेकींवर अवलंबून नाहीत. म्हणून एका भावंडाकडून योग्य दाता मिळण्याची शक्यता होते सोळांत तीन, म्हणजे साधारण एकोणीस टक्के. कुटुंबे लहान झाली, तशी ही शक्यता आणखी आक्रसली.

इथे तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबाला माहीत हव्यात. पहिली, थॅलेसेमिया मायनर असलेले भावंडही दाता होऊ शकते. त्याच्या पेशी मिळालेला रुग्ण फारतर मायनर होतो आणि मायनरला रक्त लागत नाही. दुसरी, दात्याला कायमची हानी होत नाही. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. ‘एकाला वाचवायला दुसऱ्याला अधू करायचे का?’ असा प्रश्न आजीआजोबा विचारतात, त्याचे हे उत्तर आहे. तिसरी गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते. अशा मुलाला आईवडील, भावंडे, काका-मामा यांनी स्वतःचे रक्त देऊ नये. प्रेमापोटी घरचेच आधी बाही वर करतात. पण जवळच्या नातेवाइकांच्या रक्तामुळे मुलाचे शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध आधीच सज्ज होते आणि पुढे त्यांच्यापैकीच कोणी दाता ठरला, तर प्रत्यारोपण नाकारले जाण्याचा धोका वाढतो. नातेवाइकांनी रक्तदान जरूर करावे, ते दुसऱ्या रुग्णासाठी.

घरात जुळणी झाली नाही तर नोंदणीकृत ऐच्छिक दात्यांमध्ये शोध घेता येतो. जगभरच्या नोंदण्यांत मिळून चार कोटींहून अधिक दाते आहेत. पण त्यांतले बहुसंख्य युरोपीय वंशाचे. आपल्याकडे शतकानुशतके लग्ने जातीतच होत आल्यामुळे एचएलएचे नमुनेही समाजागणिक वेगळे आहेत आणि आपल्या रुग्णाला जुळणारा दाता बहुधा आपल्याच लोकांत सापडतो. चेन्नईची ‘दात्री’ ही नोंदणी २००९ पासून हे काम करते आहे, परंतु देशाच्या लोकसंख्येच्या मानाने भारतातील नोंदलेले दाते मूठभर आहेत. नोंदणीसाठी गालाच्या आतल्या बाजूने कापसाची काडी फिरवली की नमुना मिळतो. निरोगी तरुणांना करता येण्यासारखे याहून सोपे काम क्वचितच असेल.

अलीकडे अर्धे जुळणारे दाते, म्हणजे आई किंवा वडील, यांच्या पेशी वापरूनही प्रत्यारोपणे होतात. पेशी दिल्यानंतर ठरावीक दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध दिले की हल्लेखोर पेशी आटोक्यात राहतात, हे कळल्यापासून हा मार्ग खुला झाला. पण त्यात धोका आणि खर्च दोन्ही अधिक. म्हणून तो अनुभवी केंद्रातच करावा.

पैसा आणि पैशाआधीचे

जुळणाऱ्या भावंडाकडून प्रत्यारोपणाचा खर्च भारतात साधारण दहा ते वीस लाख रुपयांच्या घरात जातो. सरकारी आणि धर्मादाय केंद्रांत तो कमी असतो. कोल इंडियाच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून केंद्र सरकार २०१७ पासून ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ चालवते. तिच्यातून पात्र कुटुंबातील मुलाच्या प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. पुढे ॲप्लास्टिक ॲनिमियाचाही तिच्यात समावेश झाला. मुंबई महापालिकेचे बोरिवली येथील थॅलेसेमिया आणि प्रत्यारोपण केंद्र हे राज्यातले महत्त्वाचे सार्वजनिक ठिकाण आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया या तिन्ही विकारांचा समावेश झाल्याने इतर काही सवलतींचाही आधार मिळू शकतो.

म्हणजे पैशाची वाट अवघड असली तरी बंद नाही. पण ही मदत जुळणी झालेल्या, प्रत्यारोपणास योग्य ठरलेल्या मुलाला मिळते. तोवर पोहोचवणारी साखळी जागोजागी तुटलेली आहे. निदान झाल्याबरोबर मूल आणि भावंडांची एचएलए चाचणी व्हायला हवी. अनेकांना ती आठव्या-दहाव्या वर्षी, कुठल्या तरी संस्थेच्या शिबिरात कळते. लोह काढणाऱ्या गोळ्या सरकारी केंद्रातून मिळतात, पण मधूनच पुरवठा खंडित होतो. रक्तातल्या फेरिटिनची तपासणी दर तीन महिन्यांनी व्हावी, ती वर्ष वर्ष होत नाही. रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. मात्र नुकताच झालेला संसर्गही पकडणारी नॅट ही अधिक संवेदनशील तपासणी देशभर सक्तीची नाही. वर्षाला सतरा पिशव्या घेणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. चाईबासाच्या बातमीतून शिकायचे ते हेच.

प्रत्यारोपणासाठी दहा लाख देणारी आणि त्याआधीच्या वर्षांत काही शेकड्यांच्या गोळ्या खंडित होऊ देणारी व्यवस्था आपलाच पैसा वाया घालवते. तिसऱ्या वर्गात ढकलले गेलेले मूल पुढे दहा लाखांनीही पहिल्या वर्गात आणता येत नाही.

जनुक-संपादनाची वाट पाहावी का?

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत ‘कॅसजेव्ही’ या क्रिस्पर तंत्रावर आधारित उपचाराला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. ब्रिटनने त्याआधीच, नोव्हेंबरात, थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्हींसाठी ती दिली होती. यात रुग्णाच्याच मूळपेशी काढून, जन्मानंतर बंद होणारे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल असा बदल जनुकात करतात आणि त्या परत देतात. दाता लागत नाही, जीव्हीएचडीचा प्रश्न येत नाही. हा मोठाच फायदा. पण जुनी अस्थिमज्जा रिकामी करणारी तीव्र औषधे इथेही द्यावीच लागतात आणि त्यांचे दुष्परिणामही तेच.

अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक. एवढ्या पैशात भारतात शंभराहून अधिक मुलांची भावंडांकडून प्रत्यारोपणे होतील. ‘बिरसा १०१’सारख्या स्वदेशी प्रयत्नांचे महत्त्व या किमतीवरूनच कळते. ते यशस्वी होवोत. पण ते सर्वसामान्य रुग्णासाठी अजून उपलब्ध नाहीत. ज्या घरात जुळणारे भावंड आहे, त्यांनी मुलाची महत्त्वाची वर्षे उद्याच्या उपचाराची वाट पाहण्यात घालवू नयेत. ज्यांच्याकडे दाता नाही, त्यांनी लोह काटेकोर नियंत्रणात ठेवावे. उद्या कोणताही उपचार आला, तरी तो पेलण्यासाठी यकृत आणि हृदय शाबूत लागणारच.

नावावर जाऊ नये

‘स्टेम सेल’ या शब्दाला सध्या बाजारात मोल आहे, म्हणून इथे सावध राहिले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूळपेशींचा प्रस्थापित उपचार म्हणून वापर रक्तविषयक विकारांतील प्रत्यारोपणापुरताच मान्य आहे. इतर आजारांवर तो मान्यताप्राप्त चाचणीचा भाग म्हणूनच करता येतो आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. नाळेतील रक्त जपून ठेवण्याच्या जाहिरातीही अशाच. बाळाला पुढे थॅलेसेमिया निघाला तर त्याचेच नाळेतले रक्त उपयोगाचे नाही, कारण त्या पेशींतही तोच दोष असतो. घरात आधीच आजारी मूल असेल आणि नव्या बाळाचे नाळेतले रक्त त्याच्यासाठी राखायचे असेल, तर गोष्ट वेगळी.

प्रत्येक विकाराचे घड्याळ वेगळे

सगळ्या रक्तविकारांना एकच नियम लागत नाही. तीव्र ॲप्लास्टिक ॲनिमियात अस्थिमज्जाच जवळजवळ रिकामी होते. तिथे वर्षे नसतात, आठवडे असतात. रुग्ण चाळिशीच्या आतला आणि भावंड जुळणारे असेल, तर प्रत्यारोपण हाच पहिला उपचार. जेवढ्या जास्त पिशव्या आधी चढतील, तेवढा पुढे नाकारले जाण्याचा धोका अधिक. मायलोफायब्रोसिसमध्ये मज्जेत तंतू साठत जातात. औषधांनी प्लीहा लहान होते, त्रास कमी होतो, पण आजार मुळापासून जातो तो प्रत्यारोपणानेच. मात्र रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचा असल्याने निर्णय फार तोलून घ्यावा लागतो.

विदर्भात आणि नंदुरबारकडे घरोघरी परिचित असलेल्या सिकलसेलचे तिसरेच. एकाच जनुकदोषाचे रुग्ण, पण कोणाला वर्षातून एकदा दुखते, कोणाला लहानपणीच पक्षाघात होतो. हायड्रॉक्सीयुरिया हे स्वस्त औषध पुष्कळांना पुरते. पक्षाघात, छातीतील गंभीर गुंतागुंत किंवा औषध चालू असूनही वारंवार होणाऱ्या असह्य वेदना असतील, तर प्रत्यारोपणाचा विचार करावा. जगभरातील एक हजार सिकलसेल रुग्णांच्या, भावंडांकडून झालेल्या प्रत्यारोपणांच्या आढाव्यात पाच वर्षांनी ९३ टक्के रुग्ण हयात होते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने कोट्यवधींची तपासणी हाती घेतली. तपासणीतून सापडलेल्या रुग्णाला पुढे नियमित औषध आणि गरज असेल त्याला प्रत्यारोपण केंद्रापर्यंतची वाट मिळाली, तरच त्या कार्डाला अर्थ.

पुढचे मूल, पुढची पिढी

एवढे सगळे करूनही दर वर्षी दहा हजारांहून अधिक नव्या मुलांना प्रत्यारोपण देणे कोणत्याही देशाला शक्य नाही. सायप्रसने हे फार पूर्वी ओळखले. तिथे लग्नाआधीची तपासणी रूढ झाली आणि थॅलेसेमिया मेजर मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. इराणने १९९७ पासून विवाहपूर्व तपासणी देशभर राबवली. आपल्याकडे २०१६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, तरीही गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत प्रत्येक स्त्रीची एचबीए-२ तपासणी अजून सरसकट होत नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा, बंगाली समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त, हे खरे. उल्हासनगरमध्ये म्हणूनच जागृतीचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. पण मराठी घरांत हा आजार नसतो, ही समजूत चुकीची आहे. लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन वाढत नाही, तिच्याकडे ‘गोळ्या खात नसेल’ असे म्हणून दुर्लक्ष होते. ती वाहक असू शकते. ती वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी, तोही वाहक असेल तर गर्भाची. मुंबईत केईएमच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत ही सोय आहे आणि चंद्रपूरला हिमोग्लोबिनविकारांसाठी त्यांचे केंद्रही उभे राहिले आहे.

आज ज्या घरात असे मूल आहे, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. मुलाचे फेरिटिन किती आहे आणि लोहाच्या औषधाचा डोस त्यानुसार आहे का? यकृताची तपासणी शेवटची कधी झाली? भावंडांची एचएलए चाचणी झाली आहे का? आणि जुळणी झाली, तर आमच्या मुलासाठी प्रत्यारोपणाचा फायदा आणि धोका किती, हे आम्हाला कोणत्या केंद्रात नीट समजावून सांगतील?

सरकारकडेही मागणे फार मोठे नाही. निदानाच्या दिवशीच एचएलए चाचणी मोफत व्हावी, लोहाच्या गोळ्या एक दिवसही खंडित होऊ नयेत, या मुलांसाठीचे रक्त नॅट तपासणी केलेलेच असावे. नव्या तंत्रज्ञानाची घोषणा करण्यापेक्षा हे कमी चमकदार काम आहे. पण मूल प्रत्यारोपणाच्या खोलीत पहिल्या वर्गात जाणार की तिसऱ्या, ते यावरच ठरते.